पागडीवरचा गेमर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत माळ्यावरच्या सामानाबरोबर चांगले चालू कॉम्प्युटरही भंगारवाल्याची वाट बघत जिन्यात येऊन बसले. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. सातव्या पिढीचा आय-सेव्हन कितीही धडधाकट असला तरी दारातच अडतो. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या अपडेटसाठी आणखी एक वर्षाची मुदत दिली होती, पण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एवढं बारीक कोण वाचतो? तिथे एकच निरोप फिरला: जुने पीसी बाद.

आमच्या विंगमध्ये कॉम्प्युटरचं काही अडलं की लोक माझी बेल वाजवतात. विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटातली, खुली ऑपरेटिंग सिस्टिम बसवून देऊ का म्हटलं की काका-काकूंचे प्रश्न ठरलेले असतात. बँकेची साइट उघडेल ना, प्रिंटर चालेल ना, नातवाचे फोटो जाणार नाहीत ना. कॉलेजातली पोरं एवढंच विचारतात, "दादा, गेम चालतील का?"

दहा वर्षांपूर्वी याचं उत्तर एका शब्दात देता यायचं. आज मला निदान चहा टाकावा लागतो. बरेचसे चालतात, आणि उत्तम चालतात. जे चालत नाहीत ते का चालत नाहीत हे शोधायला गेलं, की तंत्रज्ञान बाजूला राहतं आणि या धंद्याची कुंडलीच समोर येते.

आधी चालतात कसे ते सांगतो, कारण त्यातली गंमत लोकांना ठाऊक नसते. २०१२ साली व्हॉल्व्ह या गेम कंपनीचे मालक गेब न्यूवेल जाहीरपणे म्हणाले होते की विंडोज ८ हे पीसीच्या धंद्यातल्या सगळ्यांवरचं संकट आहे. त्यांना काळजी दुकानाची होती. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं स्टोअर आलं होतं, आणि व्हॉल्व्हचं स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान त्याच विंडोजच्या ओट्यावर मांडलेलं. ओटा ज्याचा तो उद्या उठ म्हणाला तर? म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं, आणि २०१५ च्या नोव्हेंबरात 'स्टीम मशीन' नावाचे दिवाणखान्यात ठेवायचे डबे आले. ते साफ पडले. पडणारच होते. लिनक्ससाठी प्रत्येक कंपनीने आपल्या गेमची वेगळी आवृत्ती काढायची, ती कुणासाठी, तर बाजारातल्या टक्का-सव्वा टक्का लोकांसाठी. कोण काढेल?

मग व्हॉल्व्हने प्रश्नच उलटा केला. कंपन्यांना विचारायचंच नाही, विंडोजचा गेम जसाच्या तसा उचलून लिनक्सवर चालवायचा. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेलं प्रोटॉन ते हेच. त्याचा पाया असलेला वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू होता. विंडोजचा प्रोग्रॅम 'ही फाइल उघड, ही खिडकी दाखव' असं जे मागतो, ते लिनक्सकडून करून घेऊन प्रोग्रॅमच्या हातात द्यायचं, हे वाइनचं काम. घोडं अडत होतं ग्राफिक्सपाशी. फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला 'निअर: ऑटोमाटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता आणि तो धड चालेना, म्हणून त्याने डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. गेम डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेत जे सांगतो ते हा थर व्हल्कन या दुसऱ्या भाषेत सांगतो, आणि ग्राफिक्स कार्डाला व्हल्कन लिनक्सवरही कळतं. व्हॉल्व्हने त्याच्या कामाला पैसे पुरवले. एका माणसाच्या एका गेमच्या हौसेपोटी सुरू झालेलं हे काम आज हजारो गेमच्या पोटात आहे. प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचना मूळच्याच राहतात, म्हणून वेग फारसा पडत नाही. जुने गेम तर कधी कधी आजच्या विंडोजपेक्षा इथे जास्त शहाण्यासारखे वागतात.

२०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ६.१४ या लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एनटीसिंक नावाचा एक भाग दाखल झाला. गेमच्या आत एका वेळी कितीतरी कामं चालू असतात आणि ती एकमेकांसाठी थांबतात. या थांबण्याची विंडोजची जी रीत आहे ती थेट लिनक्सच्या गाभ्यातच आणून ठेवली. म्हणजे ज्या कर्नलच्या नावाने माझ्या कॉलेजातले कट्टर लोक विंडोजला शिव्या घालायचे, त्यातच आता विंडोजसारखं वागायची सोय आहे. मला हे फार आवडलं. कट्टरपणापेक्षा कामाला महत्त्व देणारी माणसं कुठेतरी शिल्लक आहेत.

स्टीम डेक हे व्हॉल्व्हचं लिनक्सवर चालणारं, हातात धरून खेळायचं यंत्र फेब्रुवारी २०२२ मध्ये आलं. आपल्याकडे ते अधिकृतपणे विकायला आलं नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी लॅमिंग्टन रोडवर दाम मोजले, नाहीतर अमेरिकेतून येणाऱ्या चुलतभावाची बॅग अडवली. तरी त्याचा फायदा आम्हाला झालाच. त्या हातात धरायच्या यंत्रासाठी केलेली दुरुस्ती माझ्या साध्या असेंबल्ड कॅबिनेटपर्यंत फुकटात पोचते, कारण खालचं बरंचसं सॉफ्टवेअर खुलं आहे.

आता रोजचा अनुभव. मी ऐरोलीला कामाला आहे. ठाणे-वाशी लोकलने परत येऊन, जेवून, साडेदहाला खुर्चीत बसतो, तेव्हा मला ऑपरेटिंग सिस्टिमशी तत्त्वचर्चा करायची नसते, गेम चालू व्हायला हवा असतो. दहातल्या नऊ वेळा होतो. दहाव्या वेळी प्रोटॉनडीबी या साइटवर जाऊन आपल्यासारख्याच कुणा रात्री जागणाऱ्याने लिहिलेला तोडगा शोधायचा, लाँच ऑप्शनमध्ये एक मंत्र चिकटवायचा, नाहीतर ग्लोरियसएगरोल या टोपणनावाच्या माणसाने बांधलेली प्रोटॉनची आवृत्ती लावून बघायची. नवा गेम पहिल्यांदा उघडला की शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम, तयार होत बसतात. मे महिन्यात तेवढ्या वेळात कॅबिनेटचा पंखा असा सुटतो की आई आतल्या खोलीतून विचारते, "मिक्सर कोण लावतंय रे एवढ्या रात्री?"

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर थोडं जास्त सोसावं लागतं. २०१२ साली फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला जे मधलं बोट दाखवलं ते जगप्रसिद्ध आहे. त्यानंतर पाणी बरंच वाहून गेलं. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमधला ड्रायव्हरचा भाग खुला केला आणि २०२४ पासून वेलँड या लिनक्सच्या पडदा दाखवणाऱ्या यंत्रणेवरचा थरथराटही पुष्कळ कमी झाला. पण डायरेक्टएक्स १२ च्या जड गेममध्ये एनव्हिडियाचं कार्ड लिनक्सवर अजून मागे पडतं. नवीन कार्ड घेणाऱ्याने एएमडी घ्यावं, हा माझा सल्ला. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार एनव्हिडियाच गळ्यात मारायला बघेल, त्याला हसून नमस्कार करावा.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये काढलेला 'राजी' मी लिनक्सवरच खेळलो. आपल्याकडचे देव, आपल्याकडची शिल्पं, वास्तवातल्या कुठल्याही गावात नसलेला पण ओळखीचा वाटणारा राजवाडा. तो माझ्याकडे काही न करता चालू झाला, आणि मी उगाचच खूश झालो, जणू त्यात माझंच काही कर्तृत्व होतं.

इथपर्यंत सगळं छान आहे. मग रविवारी भाचा येतो.

भाचा दहावीत आहे, कोपरखैरण्याला राहतो. माझा मॉनिटर, माझं कार्ड, सगळ्यावर नजर टाकून झाल्यावर तो दर वेळी तेच म्हणतो.

"मामा, एवढं सगळं आहे, पण आमचा गेम नाही चालत ना यावर?"

"नाही चालत."

"मग उपयोग काय?"

त्याच्या मित्रांचा सगळा कट्टा ज्या शूटरवर, म्हणजे गोळीबाराच्या ऑनलाइन गेमवर, भरतो तो लिनक्सवर उघडतच नाही. मी त्याला समजवायला जातो की अरे, न चालणं आणि चालू न देणं यात फरक आहे. तो तोवर मोबाइल काढून बसलेला असतो.

पण फरक आहेच. ऑनलाइन शूटरमध्ये चोरटे असतात. भिंतीपलीकडचं दिसणारे, नेम आपोआप लागणारे. त्यांना पकडायला कंपन्या अँटी-चीट लावतात. रायट या कंपनीने 'व्हॅलरंट' या शूटरसाठी व्हँगार्ड हे अँटी-चीट आणलं, ते विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे जिथून सगळ्या यंत्रावर नजर ठेवता येते त्या जागी जाऊन बसतं, आणि कॉम्प्युटर सुरू होतानाच सुरू होतं. लिनक्सवर त्याला बसायला तशी जागा नाही, म्हणून गेमही नाही. एपिकचं 'फोर्टनाइट' नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला 'बॅटलफिल्ड ६' नाही. विंडोजवरही त्याला सिक्युअर बूट, म्हणजे फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरनेच कॉम्प्युटर सुरू होऊ देणारं कुलूप, चालू हवं असतं.

सगळ्यात जास्त बोचतात ते आधी चालत असलेले आणि मग बंद केलेले. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही यंत्रणांनी २०२१ मध्येच प्रोटॉनला पाठिंबा दिला, फक्त तो लागू करायचा की नाही हे गेमच्या कंपनीने ठरवायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉकस्टारने 'जीटीए ऑनलाइन'ला बॅटलआय लावलं आणि लिनक्ससाठीची परवानगी काही दिली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी 'एपेक्स लेजंड्स'ने लिनक्सवरच्या खेळाडूंना बाहेर काढलं. कारण दिलं की लिनक्सच्या मोकळेपणाचा चोरटे फायदा घेतात.

हे कारण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. जिथे कर्नलच हवा तसा बांधता येतो, तिथे लपायला जागा जास्त. 'काउंटर-स्ट्राइक २' लिनक्सवर चालतो, त्याचं अँटी-चीट कर्नलमध्ये शिरत नाही, आणि त्यातल्या चोरट्यांच्या नावाने लोक रोज बोटं मोडतात. पण विंडोजच्या गाभ्यात पहारेकरी बसवूनही चोऱ्या थांबलेल्या नाहीत. आणि गाभ्यात बसलेल्याचा पाय घसरला की काय होतं हे १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट गेली, जगभरचे लाखो विंडोज कॉम्प्युटर निळे पडले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर लोकांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. तो गेम नव्हता, पण जागा तीच होती. त्या जागेची किल्ली मी एका खेळापायी का देऊ? बँकेचं काम मी त्याच यंत्रावर करतो.

इथे लिनक्सवाले मित्र छाती फुगवून म्हणतात, बघ, म्हणूनच आपण स्वतंत्र. माझं त्यांच्याशी जमत नाही ते या मुद्द्यावर. कारण आमचे गेम कुठे आहेत? स्टीमवर. स्टीम कुणाचं? व्हॉल्व्हचं. एका खाजगी कंपनीचं, जिचा मालक आता साठी ओलांडून पुढे गेला आहे आणि ज्याच्यानंतर काय होणार हे आपल्या हातात नाही.

माझे आजोबा नौपाड्यात पागडीच्या खोलीत राहिले. ज्यांना पागडी माहीत नाही त्यांच्यासाठी: घेताना भली थोरली रक्कम मोजायची, मग महिना नाममात्र भाडं, जन्मभर आपलंच घर म्हणून राहायचं, भिंतीला खिळे ठोकायचे, पोरांची लग्नं तिथून करायची, आणि तरी मालक दुसराच. स्टीमवरची माझी लायब्ररी ही हुबेहूब पागडीची खोली आहे. पैसे खरेदीचे मोजले, हाती आलं ते राहण्याचं परवानापत्र. हे ग्राहकाला स्पष्ट सांगा असा कायदा कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये केल्यावर स्टीमने पैसे भरायच्या पानावर हे सरळ लिहायला सुरुवात केली. पूर्वी फक्त करारात होतं. खरं तर पागडी बरी. तिला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचा आधार आहे, मालकाला वाटा देऊन ती दुसऱ्याला देता येते, वारसाला मिळते. स्टीमचं खातं करारानुसार कुणाच्या नावे करता येत नाही. भाच्याला माझ्यामागे माझे गेम मिळायचे नाहीत, त्याला ते नकोच आहेत हा भाग वेगळा.

मालकाच्या मनात आलं तर काय होतं याची उदाहरणं ताजी आहेत. युबिसॉफ्टचा 'द क्रू' २०१४ चा, एकट्याने अख्ख्या अमेरिकेत गाडी फिरवता येणारा गेम. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पैसे देऊन घेतला होता त्यांच्यासाठीही तो संपला. त्यातून रॉस स्कॉटने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली, आणि युरोपात तिच्या याचिकेवर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे: सर्व्हर जन्मभर चालवा असं कुणी म्हणत नाही, फक्त बंद करताना गेम खेळण्याजोगा ठेवून जा. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' तर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला गेला. गणपती बसायच्या आतच विसर्जन. त्यांनी पैसे परत दिले एवढं चांगलं केलं.

मग मी व्हॉल्व्हच्या दारात कशाला बसलोय? कारण या मालकाने इमारतीचा पाया सार्वजनिक ठेवला आहे. डीएक्सव्हीके, प्रोटॉन, वाइनमधली दुरुस्ती, कर्नलमधलं काम, हे सगळं खुल्या परवान्याखाली आहे. उद्या दुकानाला कुलूप लागलं तरी ते राहणार. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम, ज्याची इन्स्टॉलची फाइल माझ्या डिस्कवर असते, तो मी हिरोइक किंवा लुट्रिस या गेम चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधून त्याच थरांच्या जोरावर चालवतो आणि त्यात स्टीमचा काही संबंध येत नाही. न्यूवेलना आपलं दुकान वाचवायचं होतं, परोपकार नव्हता. पण त्या स्वार्थातून जे उरलं ते सगळ्यांचं झालं. अशा स्वार्थाला माझी हरकत नाही.

बाकी धंद्याच्या बातम्या वाचल्या की हे दोन शब्द चांगले बोलायची इच्छाही मरते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये साधारण ६९ अब्ज डॉलर मोजून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी घेतली, आणि साडेतीन महिन्यांत गेमिंग विभागातल्या १,९०० लोकांना घरी पाठवलं. मे २०२४ मध्ये टँगो गेमवर्क्स बंद करायचं ठरवलं, तेही 'हाय-फाय रश'सारख्या सगळ्यांनी डोक्यावर घेतलेल्या गेमनंतर. तो स्टुडिओ शेवटी क्राफ्टनने उचलला, आपली पोरं जिला बीजीएमआयची कंपनी म्हणून ओळखतात तीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या गेम पास अल्टिमेट या गेमच्या वर्गणीचा भाव महिना २० डॉलरवरून ३० झाला. त्याआधी दोनच दिवस ५५ अब्ज डॉलरला ईए ही गेम कंपनी विकत घ्यायचा करार जाहीर झाला, घेणाऱ्यांत सौदी सरकारचा निधी. या आकड्यांत गेम बनवणारा माणूस कुठे दिसतो का बघा.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. आईने बातम्यांत अर्धंच ऐकलं. "बंद केलं ना रे सरकारने तुझं ते?" तिच्या आवाजात आशा होती.

एक बातमी मात्र थेट माझ्या खिशात शिरली. रॅमचे भाव. २०२५ च्या शेवटी ते असे चढले की मी अपग्रेडचा विचार गुंडाळून ठेवला. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांना एआयच्या सर्व्हरसाठी माल पुरवण्यात जास्त पैसा दिसला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. मी रोज जिथे जातो त्या ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात एकामागून एक डेटा सेंटर उभी राहिली आहेत, बिनखिडक्यांच्या भिंतींची. पूर्वी त्या पट्ट्यात रसायनांचा वास यायचा. आता वास नाही, पण तिथून जाताना मला वाटतं, माझ्या वाटणीच्या दोन स्टिक या भिंतींआड कुठेतरी बसल्या आहेत.

म्हणूनच जिन्यातले ते कॉम्प्युटर बघून जीव तुटतो. नवीन घेणं महाग होत चाललेल्या दिवसांत चालती मेमरी आणि चालते प्रोसेसर किलोच्या भावाने द्यायचे? त्यातले काही मी भंगारवाल्याच्या आधी गाठले. एकावर बझाइट टाकलं, स्टीम डेकसारखा अनुभव साध्या पीसीवर देणारी फेडोरावर बेतलेली लिनक्सची आवृत्ती. आता खालच्या मजल्यावरची दोन भावंडं त्यावर जुने गेम खेळतात, आणि त्यांना लिनक्स म्हणजे काय हे माहीतही नाही. माहीत असायची गरजही नाही.

स्टीमच्या हार्डवेअर पाहणीत लिनक्सने ऑक्टोबर २०२५ मध्ये ३ टक्क्यांचा टप्पा ओलांडला. नोव्हेंबरात व्हॉल्व्हने नवं स्टीम मशीन जाहीर केलं. जे २०१५ मध्ये पडलं तेच नाव, पण या वेळी हाताशी प्रोटॉन आहे. मित्र म्हणतात, टक्का आणखी वाढू दे, मग अँटी-चीटवाले झक मारत येतील. येतीलही. मला काळजी आहे ते काय मागत येतील याची. व्हॉल्व्हने शिक्का मारलेला, कुलूपबंद, ज्यात तुम्ही स्वतः काही बदललेलं नाही असाच लिनक्स असेल तर आत या, असं ते म्हणाले तर? तंत्र तयारच आहे. टीपीएम आणि सिक्युअर बूट यांचा तोच तर उपयोग आहे. मग लिनक्सवर सगळे गेम चालतील आणि ज्या कारणासाठी मी इथे आलो ते कारण जाईल. तसं झालं तर तो शूटर मला नकोच.

भाच्याला हे सगळं गेल्या रविवारी सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, हेच नवल.

"मामा, तू राहा तुझ्या पागडीत," तो म्हणाला. "पण एक दुसरी डिस्क घाल ना, विंडोजची. माझी रँक पडतेय."

घालणार नाही म्हणून सांगितलंय. पुढच्या रविवारी तो स्वतःची डिस्क घेऊन येणार आहे.